पार्किनची व्याख्या

माझं विधान शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होतं, हे आधीच सांगून टाकते. फक्त ते एडना पिकल्सच्या समोर करायला नको होतं.

आमच्या सायकल क्लबात रविवारी सकाळी नऊला निघायचं, तीसेक मैल चढउतार करायचे आणि वाटेत कुठल्यातरी चहाच्या दुकानात शिरायचं, असा क्रम आहे. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही सायकल चालवतो आणि दमलो की केक खातो. आम्ही तो समज खोडून काढत नाही. पण क्लबाचा कप्तान नॉर्मन सटक्लिफ चढ फुटांत मोजत नाही, केकच्या कापांत मोजतो. "ग्रिमवुडचा चढ म्हणजे दोन काप. वारा समोरून असला तर अडीच," असं तो नवीन माणसाला गंभीरपणे सांगतो, आणि नवीन माणूस वर पोचला की त्याला ते पटलेलं असतं. नॉर्मन निवृत्त प्लंबर आहे. कोणत्या दुकानातला कस्टर्डचा काप कोणत्या वारी खचलेला असतो, हे त्याला तोंडपाठ आहे. स्वतःच्या मुलांचे वाढदिवस मात्र तो बायकोला विचारतो.

त्या रविवारी, ऑक्टोबरच्या मध्यावर, वाद गेविनने ओढवून घेतला. त्याने फ्लॅपजॅक मागवला. फ्लॅपजॅक म्हणजे ओट आणि पाकाची चौकोनी वडी.

"समोर कॉफी-अक्रोडाचा केक आहे आणि तू घोड्याचा खुराक घेतोस?" नॉर्मन म्हणाला.

"ओटने ताकद येते."

"घोड्याला येते. घोडा निदान चढावर उतरून चालत नाही."

"मी एकदाच उतरलो होतो. चेन अडकली होती."

"तुझी चेन नेमकी चढावरच अडकते रे. आणि मला सांग, याला म्हणायचं काय? केक की बिस्किट?"

यावर टेबलाची दोन तुकड्यांत फाळणी झाली. मी क्लबात रविवारी साधारण चार वाक्यं बोलते. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काम केलं की माणसाला विचारल्याशिवाय बोलायची सवय राहत नाही. पण इथे प्रश्न ओलाव्याचा होता, आणि ओलावा हा माझा विषय आहे.

"यात वाद घालण्यासारखं काही नाही," मी म्हटलं. "केक शिळा झाला की कडक होतो, कारण त्यातला ओलावा जातो. बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं, कारण ते हवेतला ओलावा घेतं. ठेवून द्यायचं आणि बघायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी "वा, हेस्टर!" असंही म्हटलं. इथेच मी थांबायला हवं होतं. पण गेविनने विचारलं, "मग पार्किन?"

पार्किन आमच्याकडे यॉर्कशायरमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला होतं. जाड दळलेले ओट, काकवीसारखा काळा पाक, भरपूर सुंठ. भट्टीतून निघतं तेव्हा ते विटेसारखं असतं. आठवडाभर डब्यात बंद करून ठेवलं की मऊ आणि चिकट होतं, आणि तेव्हाच ते खायचं असतं. ठेवल्यावर मऊ पडतं, म्हणजे व्याख्येनुसार...

"बिस्किट," मी म्हणाले.

टेबलाच्या टोकाला एडना पिकल्स बसली होती. वय एकाहत्तर, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, आणि एका नजरेत मागच्या बाकावरची मारामारी थांबवू शकणारी बाई. क्लबाची एकच मोठी फेरी असते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, शंभर किलोमीटरची. ती थॉर्नबेक गावच्या हॉलवर सुरू होते आणि तिथेच संपते, आणि संपते तेव्हा टेबलावर एडनाचं पार्किन असतं. गेली एकतीस वर्षं. लोक लीड्सहून, शेफील्डहून, डरमहून येतात, ते काही आमचे चढ बघायला येत नाहीत.

एडनाने कप खाली ठेवला. "बिस्किट," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. दरम्यानच्या काळात माहितीत काही बदल झाला नव्हता.

"म्हणजे एकतीस वर्षं मी बिस्किटं भाजतेय."

"व्याख्येनुसार."

"मग पोरी, यंदा व्याख्येनुसार तूच भाज."

तिने हेल्मेट उचललं आणि ती निघून गेली. ताटलीत अर्धा स्कोन, जॅम लावलेला तो गोल गोडसर पाव, तसाच राहिला. आमच्या क्लबात कोणी स्कोन अर्धा टाकून उठल्याचं याआधी एकदाच घडलं होतं आणि तेव्हा रुग्णवाहिका आली होती. तो स्कोन गेविनने खाल्ला, पण अतिशय दुःखी चेहऱ्याने.

नॉर्मनने मला बाहेर सायकलींपाशी गाठलं. "अगं, तुला कळतंय का काय झालंय? त्याच दिवशी डोंगरापलीकडे लँकेशायरवाल्यांची फेरी असते. ते शेवटी गरम पाई देतात, मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेली. मटणाची. आपल्याकडे पार्किन नाही हे एकदा पसरलं की मागच्या वर्षीच्या नव्याण्णवातले नव्वद तिकडे जातील. पुढच्या वर्षी फेरीच राहणार नाही."

"पार्किन असेल," मी म्हटलं. "मी भाजीन."

"तू आयुष्यात कधी काही भाजलंयस?"

"ते रसायनशास्त्रच आहे नॉर्मन. भांडी तेवढी मोठी."

मला खरोखरच काही शंका नव्हती. तीन आठवडे हातात होते.

एडनाने नॉर्मनच्या हाती कृती पाठवली, हे तिच्या न्यायबुद्धीला शोभणारंच होतं. एका पोस्टकार्डाच्या मागे लिहिलं होतं: "ओट एक कप. मैदा जरा कमी. पाक पुरेल इतका. सुंठ वास येईपर्यंत. सोडा नेहमीइतका. भट्टी मध्यम. झालं की काढ." या पत्रात सात परिमाणं होती आणि एकालाही धड एकक नव्हतं. कप म्हणजे कुठला कप, हे विचारायला मी एडनाला फोन केला. "माझा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हा मी शेजारी चौकशी केली. ही माझी दुसरी चूक.

शेजारच्या हॅलिवेलबाई मूळच्या लँकेशायरच्या. सीमेपासून चार मैल अलीकडे राहायला येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांची ओळख अजून 'तिकडच्या' अशीच आहे. "माझी आई ओट बारीक दळून घ्यायची," त्या म्हणाल्या. "जाड ओट म्हणजे कोंबड्यांना." समोरचे अ‍ॅक्रॉइड हे कुंपणापलीकडून ऐकत होते. "त्यांचं काही ऐकू नका," ते माझ्या दारात येऊन हळूच म्हणाले, "लोणी घालायचंच नाही. डुकराची चरबी. माझ्या आजीने लोणी घातलं असतं तर आजोबा परत खाणीत निघून गेले असते." टपाल टाकणाऱ्या बाईंची आजी डबा पलंगाखाली ठेवायची, खिडकीपासून लांब. दोन दिवसांत माझ्याकडे नऊ कृती जमल्या. मी त्यांचा तक्ता केला. नऊही आज्या एकाच मुद्द्यावर सहमत होत्या: भाजल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही.

आणि माझी अडचण नेमकी तीच होती. आमच्या प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पाणी नळाला सोडत नाहीत. इथे मात्र माल सातव्या दिवशी तयार होणार आणि त्याच दिवशी लोक तो खाणार. म्हणून मी आधी चाचणीचे घाणे करायचं ठरवलं.

पहिल्या घाण्यात सगळी वजनं दशांश ग्रॅमपर्यंत अचूक होती. ट्रेची उंची मात्र मी गृहीत धरली होती. सोड्याने आपलं काम केलं, पाक काठावरून उतरला, भट्टीच्या तळाशी पोचला, आणि धुराचा भोंगा असा वाजला की अ‍ॅक्रॉइड शिडी घेऊन धावत आले. घर एकमजली आहे. पण त्यांनी शिडी आणली होती, त्यामुळे ती वापरावी लागली. भोंगा बंद केल्यावर ते वास घेत म्हणाले, "लोणी घातलंत ना? तरीच."

दुसरा घाणा उत्तम झाला. मी त्याचे तुकडे केले, वेगवेगळ्या डब्यांत घातले आणि चिठ्ठ्या लावल्या: पहिला दिवस, तिसरा दिवस, पाचवा दिवस, सातवा दिवस, आणि एक नियंत्रण नमुना.

बुधवारी नॉर्मन आला. "इकडून चाललो होतो," तो म्हणाला. माझं घर टेकडीच्या माथ्यावर आहे, रस्ता माझ्या फाटकाशी संपतो, पुढे मेंढ्या आहेत. इकडून कोणीही कुठे चाललेलं नसतं.

"या डब्यात काय?"

"नियंत्रण नमुना. त्याला हात लावायचा नाही."

"का बरं?"

"बाकीच्यांशी तुलना करता यावी म्हणून."

"अस्सं," तो म्हणाला, पण शब्द नीट उमटले नाहीत, कारण तोंडात नियंत्रण नमुना होता.

गुरुवारी गेविन 'इकडून चालला' होता. शुक्रवारी चौघे एकदम आले, ओळीने, वारा तोडत. क्लबाच्या इतिहासात माझ्या टेकडीवर स्वखुशीने इतके लोक कधी चढले नव्हते. शनिवारी माझ्या प्रयोगाला सातवा दिवसच उरला नाही. तिसऱ्या दिवसापर्यंतची मोजमापं हाती होती, आणि अभिप्राय असे: नॉर्मन, "बरंय." गेविन, "बरं झालंय." बाकी चौघे, "बरंय की." यॉर्कशायरमध्ये 'बरंय' हा शब्द शवपेटीबद्दलही वापरतात आणि लग्नाबद्दलही. त्यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही.

तरी मी डगमगले नाही. फेरीच्या सात दिवस आधी मी बारा ट्रे भाजले, लगेच बंद केले आणि हॅलिवेलबाईंच्या कपाटात ठेवले. त्यांची निवड मी विचारपूर्वक केली होती. आमच्या पार्किनबद्दल त्यांना आदर नव्हता आणि सायकलवाल्यांबद्दल त्याहून कमी होता.

"कोणी आलं तर?" त्यांनी विचारलं.

"देऊ नका."

"देते कसली! रविवारी सकाळी माझ्या गाडीपुढे दोघे दोघे जातात गप्पा मारत. आता वचपा काढते."

मग मी हॉलच्या आरक्षणाची पावती घ्यायला थ्वेट यांच्याकडे गेले. थ्वेट ग्रामसभागृह समितीचे चिटणीस आहेत. नीटनेटके, सौम्य गृहस्थ, पेन खिशाला साखळीने बांधलेलं. त्यांनी मला एक अर्ज दिला. एकतीस वर्षं हा अर्ज एडना भरत होती आणि क्लबातल्या कोणालाही तो अस्तित्वात असल्याचं ठाऊक नव्हतं.

चौथा प्रश्न होता: "वाढण्याचा पदार्थ. एकावर खूण करा. केक. बिस्किट."

मी तो दोनदा वाचला.

"घरी केलेला केक असेल," थ्वेट समजावू लागले, "तर खाद्यस्वच्छतेचं प्रमाणपत्र असलेली एक व्यक्ती वाढण्याच्या वेळी हॉलमध्ये हजर असावी लागते. काही वर्षांपूर्वी एका क्रीमच्या केकचं प्रकरण झालं होतं. समिती त्याबद्दल बोलत नाही. बिस्किट असेल तर काहीच लागत नाही. फक्त बाहेरच्या फलकावर तसं लिहावं लागतं. 'चहा आणि बिस्किटं'."

"प्रमाणपत्र कसं मिळतं?"

"एका दिवसाचा वर्ग असतो. पुढचा जानेवारीत."

"तुमच्या मते पार्किन काय आहे?"

थ्वेट यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी यॉर्कशायरचा आहे, मॅडम. पण मी समितीचाही आहे."

मी पेन हातात घेतलं, साखळीसकट. व्याख्या माझ्या बाजूने होती. सोयही माझ्याच बाजूने होती. विज्ञानाचं आणि सोयीचं इतकं जमलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. पण मग डोळ्यांपुढे आलं: शंभर किलोमीटर, थंडी, ग्रिमवुडचा चढ, शेवटी हॉलशी पोचायचं आणि दाराशी फलक, 'चहा आणि बिस्किटं'. मी स्वतः लँकेशायरला गेले असते. मी 'केक'वर खूण केली. चुकीचा आहे असं माहीत असलेल्या निष्कर्षाखाली मी नोकरीत कधी सही केली नव्हती.

क्लबात ते प्रमाणपत्र एकाच व्यक्तीकडे होतं.

एडनाने दार उघडलं, आत बोलावलं नाही.

"मला माफी मागायची आहे," मी म्हटलं. "विधानाबद्दल नाही. ते जिथे केलं त्याबद्दल."

"ही माफी झाली?"

"अंशतः."

"अर्जावर काय लिहिलंस?"

"केक."

तिने माझ्यावर ती नजर रोखली. शाळेच्या बसमधली मुलं कशी गप्प होत असतील ते मला समजलं. "जिवावर आलं असेल," ती म्हणाली.

"थोडं."

"रविवारी साडेसातला येते. पण माझी एक अट आहे. तो केकच राहिला पाहिजे. काहीही झालं तरी."

मी शब्द दिला.

रविवारी साडेसातला एडना आली ती सायकलवर, पूर्ण तयारीनिशी. तिने थ्वेट यांच्या वहीत सही केली, प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं, स्वयंपाकघराचा एकेक ओटा बोट फिरवून पाहिला, आणि मग रांगेत उभी राहून स्वारांचं कार्ड घेतलं, वाटेतल्या ठाण्यांवर शिक्के मारून घ्यायचं.

"हे काय?" मी विचारलं.

"एकतीस वर्षं मी लोकांना परत आलेलं बघितलंय. चिखलाने भरलेले, खूश. मी कधी गेलेच नाही. भांडी घासायला कोण थांबणार होतं?"

"पण वाढताना तुम्ही हजर असायला हव्यात!"

"वाढायच्या आत येते," ती म्हणाली आणि आठच्या तुकडीबरोबर गेलीसुद्धा.

मी हिशेब केला. एकाहत्तर वर्षं, शंभर किलोमीटर, चौदाशे मीटर चढ, ईशान्येचा वारा. ती वाढायच्या आत येणार नव्हती.

पहिले स्वार एकला परतले. मी झाकणं काढली. बारा ट्रे, काळेभोर, चकचकीत. एका ट्रेचा कोपरा नव्हता. हॅलिवेलबाईंनी शनिवारीच कबूल केलं होतं, "तपासायला घेतला. आमच्याइतकं नाही." थ्वेट वही घेऊन टेबलापाशी आले.

"मिसेस पिकल्स?"

"रस्त्यावर आहेत."

"प्रमाणपत्र हॉलमध्ये आहे," ते खिन्नपणे म्हणाले, "पण व्यक्ती नाही. चहा देता येईल."

मी चहा दिला. दीड वाजता हॉलमध्ये तीस माणसं होती, दोनला सत्तर. कोणीही घरी जाईना आणि कोणीही पार्किनवरून नजर काढीना. सगळे वाफाळत उभे होते. थ्वेट ट्रेपुढे हात मागे बांधून उभे राहिले. मला त्यांची दया आली, पण त्यांनी जागा सोडली नाही.

"लँकेशायरवाल्यांच्या पाई आत्ता भट्टीतून निघत असतील," मागून कोणीतरी म्हणालं. दोघांनी हेल्मेटं उचलली.

नॉर्मन दोनला पोचला होता. त्याने परिस्थिती समजून घेतली आणि गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. "हेस्टर, तो अर्ज काढ. खोड आणि बिस्किट लिही."

"नाही."

"अगं, तू स्वतःच म्हणालीस! सगळ्यांसमोर!"

"तीन आठवड्यांपूर्वी."

"मग तेव्हा खरं होतं ते आज नाही का?" गेविन म्हणाला. "शिळं झालं की मऊ पडतं! बरोबर ना? मऊ पडतं!"

"मऊ पडतं!" मागच्या रांगेने उचललं. मग डरमच्या लोकांनी. "हवेतला ओलावा घेतं!" नॉर्मनने भर घातली, आणि त्याला टाळ्या मिळाल्या. थ्वेट यांनीसुद्धा माझ्याकडे आशेने पाहिलं आणि पेनाची साखळी सैल केली. आयुष्यात पहिल्यांदाच माझा सिद्धांत सत्तर माणसांनी एकमुखाने मान्य केला होता, आणि त्याच्या विरोधात उभी राहिलेली मी एकटीच होते.

"हा केक आहे," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ज्यांना बिस्किट हवं त्यांनी लँकेशायरला जावं."

हेल्मेटवाले दोघे जागीच थांबले. आमच्याकडे माणसाला उपाशी ठेवलं तर चालतं, पण लँकेशायरला जा म्हटल्यावर कोणालाही लगेच उठून जाता येत नाही. पाऊण तास तो तिढा तसाच राहिला. मी तिसऱ्यांदा चहा केला.

पावणेतीनला दार उघडलं आणि एडना आत आली. कमरेपासून खाली ती रस्त्याच्याच रंगाची झाली होती. एक बूट हातात होता. चालताना तिचे गुडघे दोन वेगवेगळ्या दिशांना जात होते.

"मिसेस पिकल्स!" थ्वेट यांचा चेहरा उजळला. "आपण हात धुऊन टेबलामागे आलात की लगेच..."

"थ्वेट, मला वाढायचं नाहीये. मला खायचंय. तुमच्या अर्जात काय लिहिलंय, व्यक्ती कुठे हवी?"

त्यांनी वही पाहिली. "हॉलमध्ये हजर."

"मी कुठे आहे?"

"हॉलमध्ये."

"मग बाजूला व्हा की."

थ्वेट बाजूला झाले. इतक्या वेगाने की त्यांनाही तेच हवं होतं हे उघड झालं. तरी पहिला हात कोणी घातला नाही. सगळ्यांनी एडनाला वाट दिली. ती खुर्चीत बसली. मी तिला एक काप दिला. सत्तर माणसं एका बाईचं चावणं बघत होती. ती सावकाश चावत होती.

"त्यांना ते बिस्किट करायचं होतं," नॉर्मनने चुगली केली, स्वतःला वगळून. "हेस्टरने करू दिलं नाही."

"मूर्ख आहे," एडना म्हणाली. "ग्रिमवुडच्या चढावर मला कोणी दिलं असतं तर मी याला बटाटा म्हणून खाल्लं असतं." तिने दुसरा काप घेतला. "सुंठ कमी पडलीय."

मी कागदावर नोंदवलं: सुंठ, बारा टक्के वाढ. मागे एकदम खुर्च्या सरकल्या, आणि पुढची वीस मिनिटं हॉलमध्ये फक्त चावण्याचा आवाज होता. बारा ट्रेमध्ये चुरासुद्धा राहिला नाही. गेविन तो बोटाने टिपत असताना मी त्याला पाहिलं.

"एडना," नॉर्मन तोंड पुसत म्हणाला, "पुढच्या वर्षीचं मग..."

"मला काय विचारतोस? मी स्वार आहे." तिने आपलं चिंब कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि मी त्यावर शेवटचा शिक्का मारला. साडेतीनची मुदत संपायला अकरा मिनिटं बाकी होती. "आणि पोरी, जानेवारीतला तो वर्ग तूच करून टाक. सकाळी त्या सह्या आणि ओटे तपासण्यात माझी वीस मिनिटं गेली. नाहीतर या नॉर्मनला मी चढावरच मागे टाकलं असतं."